उतरली की उठंल

"बनियन वर घ्या, काका. अजून वर."

भिकननं बनियन हनुवटीपर्यंत ओढून धरलं. सिस्टरनं छातीवर गार, बुळबुळीत काहीतरी लावलं आणि रबरी टोप्या एकेक करून दाबून बसवल्या. मशीन घरघरलं. कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली आणि टेबलावरून खाली लोंबली तरी सिस्टर ती फाडेना. मग तिनं पडद्याबाहेर तोंड काढून कुणाला तरी हाक मारली.

डॉक्टरीण आली. तिशीची असेल. शिवराजला इथं, घाटीच्या सरकारी दवाखान्यात, आणलं त्या दिवशी हीच ड्यूटीवर होती. आणलं म्हणायचं इतकंच. आणलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. त्या रडारडीत हिनंच भिकनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की घरातलं सगळं आटोपलं की मला येऊन भेटा, आणि दुसरं मूल असेल तर त्यालाही घेऊन या. भिकन आपणहून आला नसता. पोरगा गेल्यापासून तो कुठंच आपणहून जात नव्हता. कुणी ताट पुढं केलं की जेवायचा, कुणी उठ म्हटलं की उठायचा. बोलणं ऐकू यायचं, पण पोचायचं नाही. आज लेकीनं, सोनियानं, त्याला रिक्षात बसवलं म्हणून तो आला होता. ती पडद्याला लागून उभी होती, कॉलेजची सॅक पोटाशी धरून.

डॉक्टरणीनं पट्टी उजेडाकडं धरली, खालपर्यंत पाहिली. मग ती ठेवून तिनं भिकनचा हात हातात घेतला. नाडी बघत असेल असं त्याला वाटलं. पण ती करंगळी बघत होती.

"ही अशी वाकडी जन्मापासून?"

"व्हय. आमच्या घराण्याची खूण हाय ती. माझ्या बापाची बी अशीच होती."

"आणि शिवराजची?"

"त्याची बी."

"काका, तुमचे पाय कधी लुळे पडतात का? म्हणजे, शुद्ध असते, सगळं कळतं, पण उठताच येत नाही, असं?"

भिकननं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्याची पन्नाशी उलटली होती. त्याच्या पायांविषयी लोक आजवर खूप काही बोलले होते. विचारलं मात्र कुणी नव्हतं.

भिकनचं कुळ मेंढरांमागं फिरणारं. बाप दिवसभर चालायचा, चालताना त्याला काही होत नसे. संध्याकाळी मुक्कामी टेकला की कधीकधी उठतच नसे. बोलायचा, हसायचा, चिलीम मागायचा, पण कमरेखाली नुसतं पोतं. लोक म्हणायचे, देवाचा हात लागला. कपाळाला भंडारा लावायचे आणि दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलताना त्याला घोड्यावर बांधून न्यायचे. त्याला आळशी कुणी म्हटलं नाही. एका उन्हाळ्यात असाच टेकला आणि पहाटे पाहिलं तर गार होता. तेही देवाच्याच खात्यावर गेलं.

भिकन मेंढरं सोडून वाळूजला आला. कंपनीत देव नव्हता, सुपरवायझर होता. ट्रकमधून माल उतरवायचं काम. माल उतरवेपर्यंत भिकन दोन माणसांना भारी. जेवायच्या सुट्टीत भिंतीला टेकला, की पाय गेले. "ए, नाटकं करू राहिला का? उठ." एका कंपनीतून काढलं, दुसरीतून काढलं. तिसरीत त्याचं नावच 'लोळण्या' पडलं, आणि ते नाव कंपनीच्या गेटबाहेर पडून बजाजनगरातल्या गल्लीपर्यंत आलं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, ताकदीच्या बाटल्या झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा पाय परत आलेले असायचे, आणि चालत आलेल्या माणसाला पाय जातात यावर कोण विश्वास ठेवणार.

मग तो आपलं आपण शिकला. दमल्यावर एकदम बसायचं नाही. फिरत राहायचं, हळूहळू थांबायचं. लग्नाच्या पंगतीत भात आणि बुंदी पोटभर चेपायची नाही. शेवटी त्याला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. गेटपाशी तो अखंड येरझाऱ्या घालायचा. सोसायटीतले लोक कौतुक करायचे, असा जागरूक वॉचमन बघितला नाही म्हणायचे, खुर्ची दिली तरी बसत नाही.

घर चालवलं ते सुरेखानं. ती एका लहान कारखान्यात पॅकिंगला होती. नवऱ्याला लोळण्या म्हणणाऱ्यांशी ती भांडायची, आणि घरात स्वतः तेच म्हणायची.

"होतं कधीकधी," भिकन डॉक्टरणीला म्हणाला. "जातं आपोआप."

डॉक्टरणीनं स्टूल ओढलं आणि बसली. सावकाश, सोप्या भाषेत सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला बारीक बारीक दारं असतात. त्यातून क्षार आत-बाहेर जातात, तेव्हा स्नायू हलतो. तुमच्या घराण्यात त्यातलं एक दार जन्मापासून नीट चालत नाही. पायाच्या स्नायूत बिघडलं, की पाय जातात. हृदय पण स्नायूच आहे. तिथं बिघडलं, की ठोका चुकतो. बऱ्याच जणांचं चुकून परत जागेवर येतं. एखाद्याचं येत नाही.

"करंगळी, ही लहान हनुवटी, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. रक्त तपासायला बाहेर पाठवू, पण मला जवळपास खात्री आहे. काका, हे आईबापाकडून मुलांत येतं. साधारण निम्म्या मुलांत."

भिकननं मनातल्या मनात हिशेब केला.

"मंग झालं की," तो म्हणाला. "दोन लेकरं. एक गेलं."

डॉक्टरणीनं स्टूल आणखी जवळ घेतलं. "तसं नसतं, काका. प्रत्येक लेकराची वेगळी चिठ्ठी असते." मग ती सोनियाकडं वळली. "तुला कधी झालंय?"

सोनिया खाली बघत होती.

"दहावीच्या सुट्टीत पहिल्यांदा," ती म्हणाली. "मामाच्या शेतात कांदे काढले होते दिवसभर. नंतर आणखी झालं."

"मला नाय सांगितलं," भिकन म्हणाला.

सोनियानं त्याच्याकडं न बघता डॉक्टरणीलाच सांगितलं, "दादाला सांगितलं होतं. दादाला पण व्हायचं ना."

"शिवराजला?" डॉक्टरणीच्या कपाळावर आठी आली. "त्याला घेऊन आलेले लोक तर सांगत होते, की तो खूप प्यायचा."

"नव्हता पीत."

"सोने," भिकन म्हणाला.

"नव्हता पीत, पप्पा. मांड्या जड व्हायला लागल्या, की त्याला आधी कळायचं. मग येताना एक क्वार्टर घेऊन यायचा. एक गुळणी करायचा, थोडी शर्टावर शिंपडायचा, आणि उरलेली मोरीत ओतायचा. मी पाणी सोडायचे वरून. सकाळी उठता नाही आलं, की मम्मी म्हणायची, उतरली नाही अजून. तो डोळे मिटून पडून राहायचा."

पडद्यापलीकडं कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. भिकननं बनियन खाली ओढलं. छातीवरचा चिकटपणा पुसायचा राहिला होता. कापड त्याला डकलं.

"कामून?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला माहिती आहे, कामून."

माहीत होतं. शिवराज सहावी-सातवीत असेल. बापलेक मोरे चौकात बाजाराला गेले होते. भिकननं बटाट्याचं पोतं खांद्यावरून आणलं, दम खायला त्याच पोत्यावर बसला, आणि उठता येईना. भाजीवाल्या बाया हसल्या. कुणी म्हणालं, सकाळी सकाळीच टाकली वाटतं. एका हमालानं त्याला उचलून हातगाडीवर घातलं, बाजूला बटाटे. शिवराजला म्हणाला, दाखव रे पोरा तुझं घर. शिवराज गाडीच्या पुढं चालायला लागला. आधी चार पावलं पुढं, मग पुष्कळ पुढं, असा, की बघणाऱ्याला वाटावं, या पोराचा त्या गाडीशी काही संबंध नाही. भिकनला आडवं पडल्या-पडल्या त्याची पाठ दिसत होती. त्यानंतर शिवराज बापाबरोबर कधी बाजारात आला नाही.

"तो म्हणायचा," सोनिया सांगत होती, "प्यायला म्हणलं तर एक दिवसाचा खाडा धरतात. पाय गेले म्हणलं तर कामावरून काढतात. पप्पांचं बघितलं ना, म्हणायचा."

सोनियाचीही पट्टी काढली. तिच्या पट्टीत मधूनच एखादा ठोका घाईनं आल्यासारखा उमटत होता. दोघांना गोळ्या लिहून मिळाल्या, काय खायचं, काय टाळायचं, कुठली औषधं चुकूनही घ्यायची नाहीत, हे सांगून झालं. गरज पडली तर सोनियाच्या छातीत एक लहान मशीन बसवता येतं, ते पुढचं पुढं बघू, डॉक्टरीण म्हणाली.

"आईला पण घेऊन या पुढच्या वेळी. तिलाही सगळं माहीत पाहिजे."

सोनियानं कागद घडी करून सॅकमध्ये घातला.

बाहेर आल्यावर लिंबाच्या झाडाखाली कट्टा होता, पण भिकन बसला नाही. सोनिया बसली. तो तिच्यासमोर इकडून तिकडं फिरत राहिला.

"मम्मीला काय सांगायचं?" सोनियानं विचारलं.

शिवराज गेला त्या दिवशी तो दोन पाळ्या लागोपाठ करून सकाळी कंपनीच्या बसमधून उतरला होता. घराच्या अलीकडं नाल्यावर लहानसा पूल आहे. तिथं कठड्यावर बसला आणि बसल्या जागेवरून घसरून खाली आला. जाणारे-येणारे सगळे ओळखीचे. शिवराज पितो, हे गल्लीला ठाऊक. "पीके पडा है," असं म्हणत कुणीतरी त्याला चुकवून मोटारसायकल वळवून नेली. शेजारच्या सारजाबाई दूध घेऊन येत होत्या. त्यांनी दारात येऊन सांगितलं, "सुरेखा, तुझा शिवा पुलापाशी पडलाय बघ."

सुरेखा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "राहू द्या. उतरली की उठंल."

सारजाबाई ऊन चढल्यावर परत त्या वाटेनं गेल्या, तेव्हा त्याच्या उघड्या डोळ्यांवर माशा बसल्या होत्या.

भिकन फिरायचा थांबला. एका बाजूला पोरगा होता. त्याचं नाव धुवून काढायचं तर एक वाक्य पुरे होतं: तो पीत नव्हता. पण ते वाक्य घरात उच्चारलं, की सुरेखाला कळणार होतं, ती कुणाला तिथं पडू देऊन भाकरी थापत राहिली ते.

"नको," तो म्हणाला. "तिला नको."

सोनियानं मान हलवली. तिनं सॅक पाठीवर घेतली.

घरी सुरेखानं गोळ्यांची पाकिटं पाहिली. उलटीपालटी करून पाहिली. सोनिया म्हणाली, रक्त कमी आहे माझं, पप्पांचं पण. सुरेखानं पाकिटं मसाल्याच्या डब्यामागं ठेवली आणि दोघांना जेवणानंतर आठवणीनं द्यायला लागली. बापाला आणि लेकीला एकच गोळी कशी, हे तिनं विचारलं नाही. ती इतकी भोळी कधीच नव्हती. पण काही प्रश्न माणूस विचारत नाही, आणि भिकनलाही तिच्या तोंडाकडं बघून तपास करायचं धाडस नव्हतं.

सुरेखाला त्या दिवसांत दुसराच ध्यास लागला होता. चौकातलं दारूचं दुकान बंद करायचं. पोरगा गेल्यावर ती पंधरवडाभर भिंतीकडं तोंड करून पडली होती, आणि एके दिवशी उठली ती थेट गल्लीतल्या बाया गोळा करायला. कारखान्यातून आली, की दारोदार जायची. कधी चार माणसांत न बोललेली बाई आता ओट्यावर उभी राहून बोलायची, "माझं सोन्यासारखं लेकरू दारूनं खाल्लं. तुमचं खायच्या आधी जाग्या व्हा." तिचा आवाज फुटायचा नाही. अंगात बळ आल्यासारखी दिसायची. तिला तो राग नसता, तर ती उठली नसती, हे भिकनला दिसत होतं.

मोर्चाच्या दिवशी बायांनी कापडी बॅनर करून आणला. त्यावर शिवराजचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. खाली लाल अक्षरं: दारूनं घेतलेला बळी.

बॅनरला दोन बांबू होते. एक सारजाबाईंनी धरला. दुसरा कोण धरणार म्हणून सुरेखानं मागं वळून पाहिलं आणि भिकनला म्हणाली, "ओ, धरा ना. बाप आहात."

भिकननं धरला. मोरे चौकातून मोर्चा निघाला. बाया घोषणा देत होत्या. वाऱ्यानं कापड फुगायचं आणि बांबू हातात थरथरायचा. दुतर्फा लोक थांबून बघत होते. फोटोकडं बघायचे, मग बांबूकडं, मग भिकनकडं. कुणीतरी हात जोडले. भिकनला काहीच वाटत नव्हतं. उन्हात हात दुखत होते तेवढं जाणवत होतं. दुकानापाशी पोचल्यावर एका पोलिसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चाचा, बहुत बुरा हुआ. तरणं पोरगं." भिकन म्हणाला, "व्हय." मोर्चा संपेपर्यंत त्यानं बांबू खाली टेकवला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुरेखाला म्हणाला, शेळी बघायला चाललोय छावणीकडं. त्याला जायचं होतं पडेगावला, कडुबाकडं.

कडुबाच्या रूपालीशी शिवराजची सोयरीक ठरली होती. साखरपुडा झाला होता. मागच्या वर्षी कडुबा दोन माणसं घेऊन घरी आला, चहा न घेता म्हणाला, "पाव्हणं, पोरगा पितो असं कानावर आलंय. खोटं असंल तर खोटं म्हणा." भिकन काही बोलायच्या आत शिवराज आतून बाहेर आला आणि म्हणाला, "खरं हाय. पितो." एवढंच. अंगठी काढून त्यानं ताटलीत ठेवली. रूपालीचं पुढं चिकलठाण्याकडं लग्न झालं.

पडेगावच्या फाट्यावर रिक्षानं सोडलं. तिथून डोंगराच्या अंगाला वस्ती, चढाचा रस्ता. भिकन भरभर चालला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. एका माणसाला सांगायचं, जिथून ते सुरेखापर्यंत जाणार नाही अशा माणसाला, एवढंच ठरलं होतं.

कडुबा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. "या पाव्हणं," तो सवयीनं म्हणाला, आणि मग त्या शब्दानं स्वतःच ओशाळला. त्यानं बाज पुढं ओढली. चढ चढून आल्याबरोबर बसू नये, हे भिकनला कळत होतं. पण दुसऱ्याच्या दारात, त्यातही मोडलेल्या सोयऱ्याच्या, येरझाऱ्या कशा घालणार. तो बसला.

"ऐकलं पोराचं," कडुबा म्हणाला. "मातीला यायला पाहिजे होतं. पाय उचलला नाय."

"तेच सांगायला आलतो. पोरगा पीत नव्हता."

कडुबानं हातातला पाला खाली ठेवला. भिकननं सगळं सांगितलं. बापाचं, स्वतःचं, हातगाडीचं, क्वार्टरच्या गुळणीचं. दारं-क्षारांचं जेवढं लक्षात राहिलं होतं तेवढं. पुलावरचं सांगितलं, सुरेखाचं वाक्य सोडून. ते त्याला कुणालाच सांगायचं नव्हतं. बोलताना त्याचा आवाज वर-खाली झाला नाही. सोसायटीत कोण आलं, कोण गेलं, याची खबर द्यावी तसा तो बोलला. रूपाली माहेरी बाळंतपणाला आली होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आता हे सांगून काय करायचं?" कडुबा म्हणाला.

"करायचं काय नाय. कुणाला तरी ठावं असावं."

"सुरेखाबाईला?"

"तिला नाय सांगितलं. शेळी बघायला जातो म्हणून आलोय. तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. तिचं ते दारूवर चाललंय, चालू द्या."

कडुबानं एका शेळीचं दावं सोडून परत बांधलं.

"खरं बोलू का पाव्हणं? राग नका मानू. त्या दिवशी तुम्ही हे सांगितलं असतं ना, तरी मी मोडलीच असती सोयरीक. दारू सुटती तरी. रक्तातलं कुठं सुटतं?"

"व्हय," भिकन म्हणाला. "त्यालाबी तेच वाटलं असंल."

"मी फोन केलता त्याला," रूपाली उंबऱ्यातून म्हणाली.

कडुबानं चमकून मागं पाहिलं.

"अंगठी परत आल्यावर. म्हणलं, सोडून दे, मी थांबते वर्षभर. बापूला समजावते." ती तांब्याकडं बघत बोलत होती. "तर हसला. म्हणला, नाय सुटायची गं. मी म्हणलं, माझ्यासाठी पण नाय? तर म्हणला, कुणासाठीच नाय सुटायची. मला लई राग आलता. मी लई बोलले त्याला."

 एका करडानं येऊन बाजेजवळच्या पाल्याला तोंड लावलं. रूपालीनं तांब्या भिकनच्या हातात दिला, पोटाला हात लावून सावकाश वळली आणि आत गेली.

भिकन पाणी प्याला. "निघतो," म्हणाला, आणि उठायला गेला.

पाय नव्हते. जागेवर होते, धोतराखाली दिसत होते, पण त्याचे नव्हते. त्यानं दोन्ही हात बाजेवर रेटून पाहिलं.

"बसा की. चहा टाकलाय," कडुबा म्हणाला.

एरवी भिकन बसून राहिला असता. चहा घेतला असता, मग आणखी एक घेतला असता, पावसापाण्याचं बोलला असता, शेळ्यांचे भाव विचारले असते, पाय परत येईपर्यंत काहीबाही बोलत वेळ काढला असता. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं. जेव्हा बोलण्यासारखं काही उरायचं नाही, तेव्हा लोक त्याला लोळण्या म्हणायचे.

"कडुबा," तो म्हणाला, "मला उठता येत नाय. पाय गेलेत माझे. आत्ता सांगितलं ना, तेच. थोडा वेळ लागंल. कदाचित रात होईल."

कडुबा उभा राहिला. त्याच्या तोंडावर भीती दिसली. "दवाखान्यात न्यायचं का? गाडी सांगू का कुणाला?"

"नाय. छातीत फडफड झाली तर सांगतो, मग न्या. आत्ता नुसतं पडू द्या."

तेवढ्यात भिकनच्या खिशातला फोन वाजला. बसल्या-बसल्या त्यानं काढून बघितला. सुरेखा. वाजत राहिला. काय सांगायचं ते त्याला सुचेना. पडलोय म्हणायचं तर का, बसलोय म्हणायचं तर कुठं. कडुबानं हात पुढं केला आणि फोन घेतला.

"हॅलो... व्हय, मी कडुबा बोलू राहिलो, पडेगावचा... हायेत ना, इथंच हायेत. शेळी बघायला आलते, मीच धरून ठेवलं. जुनी वळख, असं कसं जाऊ देतो... नाय, नाय. तसलं काय नाय, बाई. चहा घेऊ राहिले." मग तो ऐकत राहिला. पलीकडून सुरेखा बरंच काही बोलत होती. "व्हय," कडुबा मधूनच म्हणत होता. "व्हय, बाई. दारू लई वाईट. तुम्ही करता ते बरं करता."

त्यानं फोन बाजेवर उशाशी ठेवला. भिकनकडं पाहिलं नाही. आत जाऊन वाकळ आणली, घडी करून डोक्याखाली सरकवली. "पडा," म्हणाला.

भिकन मागं रेलला. पाय अजून खालीच लोंबत होते. कडुबा वाकला आणि एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेवर घेतला, ओझ्याचा अंदाज नसलेल्या माणसासारखा, जरा जास्तच जपून. पायांत चपला तशाच होत्या. त्या त्यानं हातानं काढल्या, चढावरची धूळ झटकली आणि बाजेखाली जोडीनं ठेवल्या, उतरताना पायाला सापडतील अशा, तोंडं बाहेर करून.